बी विंगखालचा बडोद्याचा राजवाडा

आमच्या करंजाड्याच्या सोसायटीने गणपतीला बडोद्याचा राजवाडा करायचं ठरवलं, तेव्हा मंडळातल्या कुणीही बडोदा पाहिलेलं नव्हतं. मी मंडळात होते, कारण मी पनवेलच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. चित्रकलेच्या बाईंना मखर करता येतं, रांगोळी काढता येते, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवता येतो आणि नवरीच्या हातावर मेंदी काढता येते, असं लोक धरून चालतात. मेंदी मला येत नाही. बाकीचं मी निभावून नेते.

राजवाड्याची कल्पना अध्यक्षांची. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे तिथे त्यांच्या वडिलांची भातशेती होती. इमारत झाल्यावर त्यांना तिच्यात फ्लॅट मिळाले आणि अध्यक्षपद न मागता मिळालं. आदल्या वर्षी समोरच्या सोसायटीने राजस्थानातला एक महाल केला होता आणि त्याला देखाव्याचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. अध्यक्षांनी ते वर्षभर मनात ठेवलं.

"आमी पन महालच करनार," ते मीटिंगमध्ये म्हणाले. "पन त्यांनी फोटो बघून केला. फोटो काय, कोन पन बघतो. आपल्याकडं तिथलं मानूस हाय."

तिथलं माणूस म्हणजे बी विंगच्या चौथ्या मजल्यावरच्या काकू. सत्तरी ओलांडलेल्या, अंगाने बारीक, चालताना पदर खोचून चालणाऱ्या. जन्म बडोद्याचा, लग्नही बडोद्यातच. यजमान गेल्यावर मुलाने तिथलं घर विकलं आणि त्यांना इकडे आणलं. मुलगा तळोज्याला एका कंपनीत होता, सून पनवेलला एका दवाखान्यात. काकू दिवसभर घरी एकट्या असायच्या. त्यांचं मराठी आपल्यासारखंच, फक्त वाक्याच्या शेवटी एखादं 'ने' यायचं, झोपाळ्याला हिंचका म्हणायच्या आणि आमटीत गूळ जरा जास्त. सोसायटीत सगळे त्यांना बडोद्याच्या काकू म्हणत. बडोद्याच्या म्हणजे राजवाड्याजवळच्या, असं आमच्या डोक्यात कसं बसलं, ते मला आता सांगता येणार नाही.

मीटिंगला त्यांना मुद्दाम बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं, "काकू, तुमचा राजवारा तुमाला म्हाईत हाय ना?"

"माहीत आहे ने," काकू म्हणाल्या. "आमच्या घरापासून चालत जाता यायचं."

तेवढ्यावर ठराव पास झाला.

सामान इमारतीखालच्या हार्डवेअरच्या दुकानातून आलं. दुकान चाचांचं. चाचा मूळचे उरणकडचे, उमेदीची वर्षं आखातात काढून परतलेले, बोलायला शांत आणि हिशेबाला पक्के. थर्माकोलवर बंदी, म्हणून प्लायवूड आणि पुठ्ठा. खांबांसाठी पीव्हीसीचे पाइप. घुमटांचं काय करायचं यावर आम्ही बराच वेळ घालवला. शेवटी चाचांनी दुकानातून एक घमेलं आणून पुठ्ठ्याच्या मनोऱ्यावर उपडं ठेवलं आणि म्हणाले, "इन्शाअल्ला, दुरून घुमटच दिसेल." दिसला. उलव्याला विमानतळाच्या साइटवर जाणारी काही घमेली त्या आठवड्यात आमच्याकडे थांबली.

बाहेरचा भाग मी मोबाईलवरच्या फोटोंवरून काढला. ते अध्यक्षांना सांगितलं नाही. आतला दरबार मात्र काकूंनी सांगायचा होता. त्या संध्याकाळी खाली यायच्या, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या आणि सांगायच्या. खिडक्यांना रंगीत काचा, दुपारी त्यांचे रंग जमिनीवर सांडतात. आम्ही जिलेटिन पेपर लावला. जमीन बारीक बारीक खड्यांची, त्यात वेलबुट्टी. चाचांनी फुटक्या टाइल्सचं पोतं दिलं, आम्ही त्या आणखी फोडल्या. खांब इतके गुळगुळीत की हात लावावासा वाटतो, पण लावू देत नाहीत. आम्ही पाइपांवर पॉलिश मारलं.

"आणि मधोमध हिंचका," काकू एका संध्याकाळी म्हणाल्या.

"दरबारात?" मी विचारलं.

"चांदीचा. पितळी कड्यांचा नाही हं, कड्यासुद्धा चांदीच्या."

मी वहीत हिंचका काढला. अध्यक्षांना तो इतका आवडला की गणपती त्याच्यावरच बसवायचं ठरलं. पाट सुताराने केला, साखळ्या चाचांनी दिल्या, चंदेरी स्प्रे मी मारला. पूजा सांगणारे गुरुजी आदल्या दिवशी जागा बघायला आले. हिंचक्याला त्यांनी एक हलका धक्का देऊन पाहिला.

"प्राणप्रतिष्ठा झाल्यावर मूर्ती हलता कामा नये," ते म्हणाले. "हा हलला तर मी आरतीला येणार नाही."

मग चाचांनी मागच्या बाजूने लोखंडी क्लॅम्प लावून हिंचका पक्का केला. चारी बाजूंनी ढकलून पाहिला. गुरुजींनीही ढकलून पाहिला. अशा रीतीने आमच्या राजवाड्यात न हलणारा हिंचका तयार झाला. गणपती त्यावर फार छान दिसत होता, हे मला सांगितलंच पाहिजे. लोक लांबून यायचे. पाया पडून झालं की मुलं हिंचक्याकडे बघत बसायची. अध्यक्ष प्रवेशाशी उभे राहून सांगायचे, "आतलं समदं जसंच्या तसं हाय. आमच्याकडं तिथलं मानूस हाय." आणि खुर्चीवर बसलेल्या काकूंकडे हात करायचे. काकू मान हलवायच्या.

पाचव्या दिवशी उलव्याहून एक जोडपं आलं. नवरा कुठल्याशा बांधकाम कंपनीत इंजिनिअर होता आणि तो बडोद्याचा होता. तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. मग अध्यक्षांना म्हणाला, "छान केलंय. पण दरबार हॉलमध्ये झोपाळा नाहीये."

अध्यक्ष काकूंकडे वळले. मी प्रसादाचं ताट घेऊन शेजारीच उभी होते.

काकूंनी त्या माणसाला विचारलं, "तुम्ही कधी गेला होता?"

"गेल्या वर्षी."

"मग बरोबर," काकू म्हणाल्या. "आता काढला असेल."

त्या माणसाने बायकोकडे पाहिलं. त्याने प्रसाद घेतला, दोनदा. अध्यक्षांचं समाधान झालं. माझं झालं नाही, पण मला आरतीची तयारी करायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू माझ्या घरी आल्या. माझा नवरा फर्स्ट शिफ्टला गेला होता. काकू पाणी प्यायल्या, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मी आत गेलेले नाही कधी."

"कशात?"

"राजवाड्यात."

मी चहा ठेवायला उठत होते, ती परत बसले.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचं सासर बडोद्यात म्हटल्यावर पाहुण्यांना तोटा नव्हता. इंदूर, पुणे, ठाणे, कुठून कुठून नातेवाईक यायचे. आले की त्यांना राजवाडा बघायचा असायचा. सकाळी नाश्ता झाला की काकूंचे यजमान पाहुण्यांना घेऊन निघायचे. काकू मागे राहून स्वयंपाक करायच्या. पाहुणे भुकेने परत यायचे, ताटावर बसायचे आणि जेवता जेवता सांगायचे, काय काय पाहिलं. काकू वाढत असायच्या. पोळी वाढायला आलं की काचा, भात वाढायला आलं की जमीन. संसार होता तितकी वर्षं हे असंच चाललं.

"प्रत्येक जण वेगळंच सांगायचा," त्या म्हणाल्या. "इंदूरच्या वन्संना फक्त खिडक्या दिसायच्या. यांच्या एका मित्राला फक्त तलवारी. पुण्याच्या मावशी येऊन म्हणाल्या, पाय फार दुखले. मी सगळ्यांचं जोडून घेतलं."

"आणि हिंचका कुणी सांगितला?"

"तो कुणी नाही सांगितला." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "पण एवढं मोठं घर, बडोद्यात, आणि हिंचका नसेल? आमच्या दोन खोल्यांत होता."

मी विचारलं, "तुम्ही कधी म्हणाला नाहीत काकांना, मलाही यायचंय?"

"रोजचं गाव ते. आज नाही तर उद्या बघू, असं वाटायचं. आणि पाहुणे उपाशी कसे ठेवणार ने?"

त्यांनी सांगितलं ते मी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी तसं सांगू नको म्हटलं नव्हतं, पण विसर्जनाला अजून दिवस होते आणि अध्यक्ष अगदी आनंदात होते. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. समोरच्यांना त्या वर्षी काहीच मिळालं नाही, त्यामुळे ते पहिल्या बक्षिसासारखंच साजरं झालं. विसर्जनानंतर घमेली उलव्याला गेली.

पुढच्या मे महिन्यात काकूंच्या भावाच्या नातवाची मुंज बडोद्याला ठरली. मुलाला रजा नव्हती, सुनेलाही नव्हती. एकटीला पाठवायला मुलगा तयार नव्हता. मला शाळेची सुट्टी होती. काकूंनी विचारलं, "येतेस का? तुला राजवाडा दाखवतील." त्या 'दाखवीन' म्हणाल्या नाहीत, 'दाखवतील' म्हणाल्या, हे मला तेव्हा जाणवलं नाही.

पनवेलहून थेट गाडी मिळाली. बडोद्याला उतरलो तेव्हा ऊन असं होतं की रिक्षाच्या लोखंडी दांड्याला हात लावता येत नव्हता. भावाचं घर जुन्या शहरात, मांडवीच्या दरवाज्यापासून आत. तिथे मुंजीची गर्दी होती आणि सगळे मराठीतून सुरू करून गुजरातीत संपवत होते. मुंज व्यवस्थित झाली. बटू रडला, मग जेवला. मी पनवेलची बाई म्हणून मला पंख्याखालची जागा मिळाली. दोघातिघांनी मला विमानतळाबद्दल विचारलं, जणू काही तो माझ्या गच्चीवरून दिसतो. त्यांतल्या एकीला मी सहज विचारलं की राजवाड्यात बघण्यासारखं काय आहे. ती म्हणाली, "आम्ही कुठे गेलोय? पाहुणे आले की जातात ने ते."

मुंजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे झाले. काकूंचे भाऊ त्यांच्याहून थोडे लहान, बँकेतून निवृत्त, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. ते मला म्हणाले, "चला, तुम्हाला राजवाडा दाखवून आणतो. उन्हं चढायच्या आत परत येऊ." आणि मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "ताई, तू आणि ही मिळून जेवणाचं बघा. पाहुण्या भुकेल्या येतील."

काकू खाली बसून कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी ताटलीत ठेवली.

"मी जाते यांच्याबरोबर," त्या म्हणाल्या.

भाऊ म्हणाले, "अगं, तुला काय नवीन आहे तिथे?"

"सगळं."

"मग स्वयंपाक?"

"तू कर," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही. उठल्या, हात धुतले आणि पातळ बदलायला आत गेल्या. भावांनी बायकोकडे पाहिलं. वहिनी ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या, त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या. भावांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि कोथिंबिरीची ताटली उचलली.

आम्ही रिक्षाने गेलो. मैदान आलं, झाडं आली, आणि मग राजवाडा एकदम सगळाच्या सगळा आला. मी त्याचा मनोरा पुठ्ठ्यात कापला होता, म्हणून मला तो ओळखीचा वाटला, आणि त्याच वेळी माझं काम किती बेतास बात होतं तेही कळलं. काकू रिक्षातून उतरून नुसत्या उभ्या राहिल्या. रिक्षावाल्याला पैसे देऊन मी वळले तरी तशाच.

तिकिटाबरोबर कानाला लावायचं यंत्र मिळत होतं. ते प्रत्येक दालनाची माहिती सांगतं. मी घेतलं. काकूंनी घेतलं नाही.

"तिथल्या मुलीने सांगितलं, मराठीतही आहे," मी म्हटलं.

"मला येतं सगळं," काकू म्हणाल्या.

आणि खरंच येत होतं. फक्त ते राजवाड्याच्या क्रमाने नव्हतं, पाहुण्यांच्या क्रमाने होतं. शस्त्रांच्या दालनात शिरताच त्या म्हणाल्या, "हे यांचे मित्र." पुढे भिंतीवरच्या मोठ्या चित्रांपाशी म्हणाल्या, "ठाण्याचे मामा. चित्रातली बाई बघतच राहते म्हणाले होते. हो ने, बघतेय." एका लांब ओवरीत त्या थांबल्या आणि विचारात पडल्या. "हे कुणी सांगितलं नव्हतं," म्हणाल्या. पुन्हा मागे जाऊन त्यांनी ती ओवरी एकदा नीट पाहून घेतली. मी यंत्र कानावरून काढून गळ्यात अडकवलं. दोन्ही एकदम ऐकता येत नव्हतं.

दरबार हॉलमध्ये पोचलो तेव्हा उन्हं बरोबर काचांवर होती. जमिनीवर रंग पडले होते. हॉल एवढा मोठा की आमच्या दोन्ही विंग आडव्या घातल्या तरी जागा उरली असती. हिंचका नव्हता. काकूंनी एकदा मधोमध पाहिलं, मी पण पाहिलं.

त्या वर बघत होत्या. वरच्या बाजूला कोरीव लाकडाच्या जाळीचे सज्जे आहेत.

"ते काय?" त्यांनी विचारलं.

मी यंत्र पुन्हा कानाला लावलं. "राजघराण्यातल्या बायका तिथे बसून दरबार बघायच्या म्हणे."

काकू बराच वेळ त्या जाळीकडे बघत राहिल्या. "म्हणजे त्याही खाली नाही आल्या," त्या म्हणाल्या.

मग त्या हॉलच्या कडेला एका बाकावर बसल्या. मला वाटलं पाय दुखले. त्या रडत होत्या, आवाज न करता, पदराने सारखं नाक पुसत. मी शेजारी बसले. पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी हातात धरून ठेवली.

"मला राग आलाय," त्या म्हणाल्या. "आता येऊन काय उपयोग, पण आलाय. माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवला नाही माझ्यावर. प्रत्येक वेळी परत आला की म्हणायचा, आज गर्दी नव्हती. आज गर्दी होती. एकदा तरी म्हणावं ने, तू पण चल, आज बाहेर जेवू."

"त्यांनी म्हटलं असतं तर तुम्ही गेला असता?"

त्यांनी विचार केला. "पहिल्या वेळी नसते गेले. दुसऱ्या वेळी गेले असते."

एक सुरक्षारक्षक जवळ आला आणि गुजरातीत म्हणाला की इथे फार वेळ बसू नका. काकूंनी त्याला गुजरातीतच काहीतरी सांगितलं. मला कळलं नाही, पण तो गेला आणि जाताना त्याने एक पंखा आमच्याकडे वळवला. आम्ही बसलो. लोक येत होते, वर बघत होते, खाली बघत होते, जात होते. बऱ्याच वेळाने काकूंनी डोळे पुसले, सगळ्या खिडक्या एकेक करून पाहिल्या आणि उठल्या.

बाहेर आलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. मला वाटलं आपण घरी जाणार. काकूंनी रिक्षावाल्याला एका हॉटेलचं नाव सांगितलं. तिथे आम्ही सेव-उसळ खाल्ली, तिखट, डोळ्यांत पाणी आणणारी. काकूंनी दुसरी प्लेट मागवली. मोबाईलवर भावाचा फोन येत होता. दुसऱ्यांदा आला तेव्हा काकूंनी उचलला.

"वरण झालंय," भाऊ म्हणाले. फोनचा आवाज मोठा होता, मला ऐकू येत होतं. "भाताला पाणी किती घालू?"

"तांदूळ जुना आहे, थोडं जास्त घाल," काकू म्हणाल्या. "आम्ही बाहेर जेवतोय."

पनवेलला परतल्यावर त्यांनी अध्यक्षांना आपणहून सांगितलं. ते चाचांच्या दुकानात बसले होते, मीही तिथे टाचण्या घ्यायला गेले होते. काकू म्हणाल्या, "मी राजवाडा आत्ता पाहिला. गणपतीच्या वेळी पाहिलेला नव्हता. हिंचका तिथे नाही."

अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला. चाचा तराजूत खिळे टाकत होते, ते थांबले.

"म्हंजे तो इंजिनिअर बराबर होता," अध्यक्ष म्हणाले.

"हो."

"त्याचा फोन नंबर नाय आपल्याकडं," अध्यक्ष थोडा विचार करून म्हणाले. "मग राहू दे."

चाचा म्हणाले, "बैठो, आपा," आणि आतून एक खुर्ची काढून दिली. त्यानंतर बडोद्यात काय काय पाहिलं ते काकूंनी सांगितलं, आणि या वेळी ऐकणारे तिघेही बसून होते. चाचांनी मधेच विचारलं की घुमट कशाचे आहेत. काकूंना ते माहीत नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं.

आता त्या बऱ्याचदा बाहेर असतात. मुलगा आधी काळजीत होता, नंतर सवय झाली. गेल्या हिवाळ्यात त्या बायकांच्या एका सहलीबरोबर म्हैसूरला गेल्या. मला विचारलं होतं, पण शाळा चालू होती. आल्यावर वर्णन ऐकायला मी त्यांच्याकडे गेले, तर म्हणाल्या, "मी नाही सांगणार. जाऊन बघून ये."

मी मे महिन्याचं तिकीट काढलं आहे. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "आणि माझ्या डब्याचं काय?" मी त्याला भाताला किती पाणी लागतं ते दाखवायला घेतलं आहे.